थंडीतल्या लग्नात नवरीचा बेस नाकाशेजारी सोलल्यासारखा दिसतो, तयारी कुठून बदलायची?

संकेश्वर_ब्युटी

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वर, हुक्केरी, चिकोडी या पट्ट्यात लग्नाचे मेकअप करते. तुळशीचं लग्न झालं, सिझन लागला की एक अडचण दर थंडीत येते. त्यावर जाणकारांचं मत हवंय.

मेकअप झाल्या झाल्या चेहरा छान दिसतो. तास-दीड तासाने नाकाच्या दोन्ही बाजू, वरच्या ओठावरची जागा, हनुवटी आणि भुवयांच्या मधे बेस (फाउंडेशनचा थर) उचलल्यासारखा होतो आणि बारीक पापुद्रे दिसायला लागतात. लांबून कळत नाही, पण फोटोग्राफर नथीचा क्लोजअप घेतो तेव्हा सगळं उघडं पडतं. हेच सामान मे महिन्यातल्या लग्नांत व्यवस्थित बसतं.

सध्याचा क्रम असा आहे: फेसवॉश, गुलाबपाणी, क्रीम, लगेच सिलिकॉनचा प्रायमर (बेसआधीचा गुळगुळीत थर), पॅनस्टिक (कांडीतला घट्ट बेस) ब्रशने, कन्सीलर, पूर्ण चेहऱ्याला लूज पावडर, शेवटी सेटिंग स्प्रे. फेशियल लग्नाच्या दोन दिवस आधी आणि आयब्रो, अप्पर लिप आदल्या दिवशी. हळदही आदल्या दिवशी संध्याकाळी असते. अक्षता साधारण साडेअकरा-बाराच्या, म्हणजे नवरीला आठला बसवावं लागतं.

क्रीम बदलायचं, बेस बदलायचा की बेसमध्ये तेल मिसळायचं? नेमकं सांगा.

शहापूर_बेस

ताई, बेसला शेवटी हात लावा. तुमच्या क्रमात आधी चार गोष्टी बदलायला हव्यात: दोन दिवसांवरचं फेशियल, आदल्या दिवशीचं थ्रेडिंग, क्रीमवर लगेच चढवलेला प्रायमर आणि पूर्ण चेहऱ्यावरची पावडर. यातलं एकेक थोडं थोडं नडतं. चारही एकत्र आले की पापुद्रा दिसणारच.

कारण समजून घ्या, म्हणजे प्रत्येक नवरीला काय करायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. त्वचेच्या वरच्या मेलेल्या पेशी एरवी रोज सुट्या सुट्या गळून जातात, डोळ्यांना दिसतही नाहीत. त्या सुट्या करणारी त्वचेतली द्रव्यं पाणी असेल तरच नीट काम करतात. थंडीत आपल्याकडे पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो, तेलग्रंथीही मंदावतात. वरच्या थरातलं पाणी उडालं की या पेशी एकमेकींना चिकटून राहतात आणि गठ्ठ्याने सुटतात. तोच पापुद्रा. त्याची कड वर उचललेली असते आणि रंग, पावडर नेमकी त्या कडेला जाऊन साठते. म्हणजे मेकअप पापुद्रा तयार करत नाही, असलेला दाखवतो. भर त्वचेत पाणी घालून ते अडवून ठेवण्यावर हवा.

आठला बसणाऱ्या नवरीसाठी क्रम असा ठेवा.

अंघोळीत तोंड धुतलं असेल तर फेसवॉश पुन्हा लावू नका. मऊ सुती फडकं कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि चेहऱ्यावर दीड-दोन मिनिटं नुसतं दाबून ठेवा. कढत पाणी नको, त्याने त्वचेतलं तेल निघून जातं. सुटायला आलेले पापुद्रे एवढ्याने मऊ होतात. मग त्याच फडक्याने नाकाशेजारी आणि हनुवटीवर एकाच दिशेने, जोर न देता, दोन-तीनदा पुसा. जे निघेल ते निघेल. नखाने किंवा चिमट्याने काढू नका, खालची कच्ची त्वचा उघडी पडते आणि त्यावर कुठलाच बेस धरत नाही.

चेहरा ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा हायलुरोनिक अ‍ॅसिडचं सीरम दोन-तीन थेंब, आणि ते वाळायच्या आत क्रीम. पाण्यापासून क्रीमपर्यंत तीन मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. नुसतं गुलाबपाणी लावून थांबलं तर ते हवेत उडून जातं आणि चेहरा आधीपेक्षा जास्त ओढल्यासारखा होतो. सीरमचंही तसंच, वरून क्रीमने झाकलं नाही तर या हवेत त्याचा उपयोग नाही. चेहरा आणि गळा मिळून अर्धा चहाचा चमचा क्रीम पुरतं. नाकाच्या बाजू, वरचा ओठ, हनुवटी इथे त्यावर मसूरडाळीएवढं पेट्रोलियम जेली बोटावर पसरून अगदी पातळ दाबा. ओठांवर मात्र जाडसर थापा.

आता वीस मिनिटं चेहऱ्याला हात लावायचा नाही. या वेळात डोळे आणि केस करून घ्या. डोळे आधी केले की आयशॅडोची पडलेली भुकटी बेसवर पुसत बसावी लागत नाही, हा आणखी एक फायदा.

वीस मिनिटांनी टिश्यू पेपर चेहऱ्यावर ठेवून तळहाताने दाबा, घासू नका. जेलीच्या जागी दोनदा दाबा. वर चकाकणारं सगळं निघालं पाहिजे, त्वचा हाताला मऊ लागली पाहिजे पण बोट घसरता कामा नये. इथे घाई झाली तर बेस सरकतो आणि लोक जेलीला नावं ठेवतात.

प्रायमर फक्त नाकाच्या शेंड्यावर आणि गालाच्या आतल्या बाजूला, जिथे रंध्रं मोठी दिसतात तिथे. पापुद्र्याच्या जागी नको. सनस्क्रीन लावणार असाल तर प्रायमर गाळा, थर जितके कमी तितकं बरं.

पॅनस्टिक थेट चेहऱ्यावर ओढू नका. स्टीलच्या प्लेटवर वाटाण्याएवढं काढा, त्याच्या निम्मं क्रीम घाला आणि स्पॅच्युलाने घोटा. थंडीत स्टिक घट्ट झालेली असते, बोटाच्या उबेने सैल होऊ द्या. स्पंज पाण्यात भिजवून इतका पिळा की टॉवेलमध्ये दाबल्यावर ओल लागू नये. ब्रशचे केस पापुद्र्याच्या खाली शिरून तो उचलतात, म्हणून या चेहऱ्यांना ब्रश नको. स्पंजने टिपत जायचं, ओढायचं नाही. सुरुवात गालाच्या मध्यापासून करा. नाकाशेजारी आणि हनुवटीवर सगळ्यात शेवटी, स्पंजवर जे उरलंय तेवढंच. दुसरा हात फक्त डाग दिसतात तिथे.

ब्लश आणि कंटूर क्रीमचे घ्या आणि पावडरच्या आधी लावा. मग पाच मिनिटं थांबून पफवर थोडी पावडर घ्या, हातावर झटका, आणि कपाळाचा मध्य, नाकाचा कणा, डोळ्यांखाली एवढ्या ठिकाणी दाबा. नाकपुडीच्या खोबणीत, वरच्या ओठावर आणि हनुवटीवर पावडर टाळा. पूर्ण चेहऱ्याला पावडर हे मे महिन्यातल्या घामाचं गणित आहे, ते डिसेंबरात चालत नाही.

स्प्रेच्या बाटलीवर घटक वाचा. पहिल्या दोन-तीन नावांत अल्कोहोल असेल तर तो उन्हाळ्यासाठी बाजूला ठेवा.

निपाणी_फार्मसी

वरचा क्रम बरोबर आहे, पण त्याआधी नेमकं काय सुटतंय ते ओळखा. चार वेगवेगळ्या गोष्टी बेसवर सारख्याच दिसतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे.

ट्रायलच्या दिवशी नवरीला तोंड धुवून काही न लावता वीस मिनिटं बसवा आणि खिडकीच्या उजेडात तिरकं बघा. पापुद्रे तेव्हाच दिसले तर दोष त्वचेत आहे. काहीच दिसलं नाही आणि बेस लावल्यावरच उठलं तर दोष थरांमध्ये आहे. या दुसऱ्या प्रकारात बोट फिरवलं की खोडरबराच्या भुग्यासारख्या वळ्या निघतात. बेस वळतोय असं आपण म्हणतो ते हेच. क्रीम पुरतं मुरायच्या आत सिलिकॉनचा प्रायमर चोळला, किंवा जेलसारखी दोन-तीन सीरमं एकावर एक चढवली की ती त्वचेला न धरता एकमेकांवरच गुंडाळली जातात. याला कितीही क्रीम लावलं तरी फरक पडत नाही, उलट वाढतं. थर कमी करणं, मधे वेळ देणं आणि चोळण्याऐवजी दाबणं, एवढंच करायचं.

त्वचेतच दोष असेल तर पुढे बघा. संकेश्वरच्या ताईंनी सांगितलेल्या जागा, म्हणजे नाकाच्या बाजू आणि भुवयांच्या मधे, वाचून मला एक शंका येते. तिथले खवले पिवळसर आणि थोडे तेलकट असतील, खालची त्वचा लालसर असेल, भुवयांत किंवा कानामागेही तसंच असेल आणि डोक्यात कोंडा असेल, तर ती नुसती कोरडी त्वचा नव्हे. तो सेबोरिक डर्मटायटिस. त्यात त्वचेवर राहणाऱ्या मॅलेसेझिया नावाच्या यीस्टचा हात असतो आणि ती त्वचेवरच्या तेलावर जगते. अशा चेहऱ्याला खोबरेल किंवा ऑलिव्ह तेल चोळलं की खवले दोन दिवस बसल्यासारखे वाटतात आणि मग जास्त उठतात. हा प्रकारही थंडीत बळावतो, म्हणून गल्लत होते. अशा मुलीला लग्नाच्या महिनाभर आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा. बुरशीविरोधी क्रीम आणि शाम्पूने तो बराच आटोक्यात येतो. आठवड्यावर लग्न असताना गेलं तर वेळ पुरत नाही.

चौथी गोष्ट औषधांची. बुकिंग घेताना स्पष्ट विचारा: पिंपलसाठी अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन, बेंझॉइल पेरॉक्साइड, किंवा बाजारातलं रेटिनॉलचं सीरम चालू आहे का? या सगळ्यांनी साल निघते. डॉक्टरांनी दिलेलं असेल तर त्यांना विचारूनच, पण साधारण आठवडाभर आधी थांबवावं लागतं. आणि यातलं काहीही चालू असताना वरच्या ओठावर वॅक्स अजिबात नको, त्वचाच सोलून निघू शकते.

गोरं होण्याचं म्हणून जे क्रीम विचारलं जातं त्याबद्दलही विचारा. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. चिठ्ठीशिवाय ते विकायचं नसतं, तरी मुली वर्षानुवर्षं लावतात. त्याने त्वचा पातळ होते, लाल पडते. अचानक बंद केलं तर आग होऊन चेहरा उठतो. लग्नाच्या तोंडावर तुम्ही तुमच्या मनाने ते बंदही करायला सांगू नका, डॉक्टरच ठरवतील. हे मी कळकळीने लिहितेय, कारण अशा चेहऱ्याचा दोष शेवटी मेकअपवालीच्या माथी येतो आणि मुलीचं नुकसान तसंच राहतं.

साधा कोरडा चेहरा असेल तर रात्रीसाठी सेरामाइड (त्वचेतलं पाणी अडवणारा स्निग्ध घटक) आणि ग्लिसरीन असलेलं, वास नसलेलं घट्ट क्रीम. पापुद्रे जास्त असतील तर लग्नाच्या दहा दिवस आधीपासून चार-पाच दिवस रात्री ५ टक्के युरियाचं क्रीम तेवढ्याच जागी. युरिया पाणी धरतो आणि चिकटलेल्या पेशी सैल करतो. १० टक्क्यांच्या वरचा पायाच्या भेगांसाठी असतो, तो चेहऱ्याला नको. चीर पडलेल्या जागी युरिया झोंबतो, तिथे आधी जेलीने त्वचा भरू द्या.

संकेश्वर_ब्युटी

फार उपयोगी पडलं. बिनमेकअपची वीस मिनिटं ही युक्ती पुढच्या ट्रायललाच करते. हळदीचं काय करू ते मात्र कुणी सांगा. आदल्या संध्याकाळी हळद चेहऱ्यावर वाळते, मग साबणाने घासून काढतात आणि सकाळी चेहरा खरखरीत हाती येतो. घरच्यांना हळद लावू नका म्हणता येत नाही की. आणि तेल मिसळायचं राहिलंच.

अथणी_पट्टा

हळदीबद्दल नवरीच्या आईशी किंवा मावशीशी आधीच बोलून ठेवा, ऐकतात. हळद वाळू द्यायची नाही, एवढं एकच सांगायचं. हळदीत बेसन किंवा चंदन पावडर पाण्यात कालवली की ते वाळताना त्वचेवरचं तेल शोषून घेतं आणि घासून काढताना वरचा थर खरवडला जातो. त्याऐवजी हळद साय किंवा तेलात सैल कालवा. हळद लागायच्या अर्धा तास आधी नवरीच्या चेहऱ्यावर, भुवयांवर आणि केसांच्या कडेला खोबरेल तेलाचा पातळ हात द्या. पिवळा रंगही मग कमी चढतो, सकाळच्या बेसचा शेड बिघडत नाही. (निपाणीच्या ताईंनी सांगितलेले तेलकट खवले असतील तिथे तेलाऐवजी पेट्रोलियम जेली.) कार्यक्रम आटोपला की पंधरा-वीस मिनिटांत आधी कोरड्या मऊ कापडाने टिपून, मग तेलाच्या बोळ्याने पुसून, शेवटी सौम्य फेसवॉशने एकदाच धुवायचं. डाळीचं पीठ, साबण, लिंबू काही नको. धुतल्याबरोबर ओल्या त्वचेवर घट्ट क्रीम आणि झोप. राहिलेली पिवळसर झाक सकाळच्या ओल्या फडक्याने बरीच जाते, उरली तरी ती बेसखाली झाकते.

दुसरं, पाण्याकडे कुणी लक्ष देत नाही. अथणी, रायबाग, चिकोडीच्या पूर्वेकडच्या गावांत घरोघरी बोअरचं पाणी, आणि ते जड. त्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाशी मिळून पांढरा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो दिसतो तोच चेहऱ्यावरही बसतो आणि कितीही पाणी मारलं तरी सुटत नाही. साबण मुळात अल्कधर्मी, त्याचा पीएच ९-१०च्या घरात, आणि आपली त्वचा आम्ल बाजूची, ५च्या आसपास. दोन्ही मिळून चेहरा ताणतो. बेळगावात राकसकोप, हिडकल या धरणांचं नळाचं पाणी येतं तिथे हा त्रास कमी, म्हणून गावातली मुलगी आणि शहरातली मुलगी एकाच क्रीमने सारखी सुधारत नाही. गावच्या नवरीला लग्नाच्या पंधरा दिवस आधीपासून चेहऱ्याला साबण बंद करायला सांगा. साबणविरहित फेसवॉश रात्री एकदा, सकाळी नुसतं पाणी. शेवटचा हात फिल्टरच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या स्वच्छ पाण्याचा दिला तर आणखी चांगलं. मेकअपच्या सकाळचं फडकंही फिल्टरच्या पाण्यातच भिजवा.

तारखा अशा धरा. फेशियल किंवा ब्लीच करायचंच असेल तर लग्नाच्या सात-आठ दिवस आधी, आणि दोन्ही एका दिवशी नको. त्यानंतर पार्लरमध्ये दाणेदार स्क्रब बंद. आयब्रो, अप्पर लिप तीन दिवस आधी. दोरा केसांबरोबर वरच्या पेशीही ओढतो, त्या जागेची बारीक साल पुढचे एक-दोन दिवस सुटत राहते आणि नेमकी तुमच्या बेसमध्ये सापडते. तुमच्याकडे वरच्या ओठावर जे होतंय त्याचं अर्धं उत्तर मला तरी इथेच दिसतं. मुलतानी माती पूर्ण थंडीभर कपाटात ठेवा.

शहापूर_बेस

हळदीचं अथणीच्या ताईंनी पुरतं सांगितलंय, मी तेलाचं सांगते.

थेंबभर तेल सगळ्याच बेसमध्ये चालत नाही. स्टिक आणि क्रीमचा बेस मेण-तेलाचा असतो, त्यात स्क्वालेन (एक हलकं तेल) किंवा बदामाच्या तेलाचा एक थेंब वाटाण्याएवढ्या बेसला चालतो. एकच. दोन झाले की तो बाराच्या उन्हात मानेकडे उतरतो. बाटलीतलं लिक्विड फाउंडेशन बहुतेक पाणी आणि सिलिकॉनचं असतं. त्यात तेल घातलं की रंग वेगळा आणि तेल वेगळं होतं, चेहऱ्यावर चट्टे पडतात. तिथे तेलाऐवजी क्रीम मिसळा. कुठलंही मिश्रण आधी हाताच्या मागच्या बाजूला पसरून पाच मिनिटं बघायचं. दाणेदार झालं, कडेला तेल सुटलं, तर चेहऱ्यावर न्यायचं नाही.

नवीन बेस घेणार असाल तर मॅट, लाँगवेअर, ट्रान्सफरप्रूफ असं लिहिलेलं थंडीसाठी टाळा. त्यातला पटकन उडणारा द्रव गेला की मागे घट्ट पापुद्र्यासारखा थर राहतो. चेहरा हसला की तो हलत नाही, त्वचा मात्र हलते आणि नाकापासून ओठांकडे येणाऱ्या रेषेत तडा जातो. सॅटिन किंवा हायड्रेटिंग घ्या. पाण्याने लावायचा पॅनकेक कोरड्या चेहऱ्याला वर्ज्यच, तो जवळजवळ पावडरच असतो.

खानापूर_रानवाट

आमच्या बाजूला सकाळी धुकं, दव आणि बाराला कडक ऊन. तिथे एक वेगळी गोष्ट होते: आठला लावलेला ग्लिसरीनचा जाड थर धुक्यात चिकट राहतो आणि त्यावर पावडरचे ठिपके धरतात. म्हणून खानापूर, जांबोटीकडच्या लग्नाला सीरम एकच थेंब, क्रीम मात्र तेवढंच. पश्चिमेकडे आणि पूर्वेकडे एकच माप चालत नाही.

घासणाऱ्या वस्तू विसरू नका. मुंडावळ्यांची मोत्याची सर कानशिलावर सतत हलते, बाशिंग असेल तर त्याची दोरी कपाळावर दाबते आणि नथीची तार नाकपुडीवर. तिन्ही जागी बेस आधी सुटतो. तिथे बेस इतरांपेक्षा पातळ ठेवा आणि वरून थोडी पावडर दाबा, म्हणजे मोती चिकटून रंग उचलणार नाहीत. पावडर टाळायची ती खोबणीत, नथीच्या तारेखाली मात्र ती लागतेच. टोचलेली नथ असेल तर मेकअपच्या आधीच घालून घ्या, नंतर घालताना बोटांनी नाकाशेजारचा सगळा बेस निघतो. चापाची असेल तर शेवटी, टिश्यूत धरून.

होमापाशी बसल्यावर धूर आणि धग एकदम चेहऱ्यावर येते, डोळ्यांतून पाणी येतं. तेव्हा करवलीच्या हातात रुमाल नको, टिश्यू द्या आणि पुसायचं नाही, टिपायचं, हे तिला सकाळीच दाखवून ठेवा.

चिकोडी_वाचक

पेट्रोलियम जेली बेसच्या खाली लावली तर बेस घसरणार नाही का? आणि कार्यालयात गेल्यावर पापुद्रा उठलाच तर काय करायचं? वर पावडर मारली की आणखी वाईट दिसतं.

शहापूर_बेस

जेली जाड राहिली तर घसरणार. म्हणून वीस मिनिटं आणि दोनदा टिश्यू. तोवर पापुद्रा मऊ पडून बसलेला असतो, तेवढंच तिचं काम. तेलकट कपाळाच्या नवरीला जेली कपाळावर मुळीच नको.

कार्यालयातल्या दुरुस्तीसाठी पिशवीत एवढंच ठेवा: कानाच्या काड्या, क्रीमची छोटी डबी, टिश्यू, स्पंजचा तुकडा आणि मिसळून ठेवलेला बेस एका लेन्सच्या डबीत. पापुद्रा उठला की कोरड्या काडीने वरची पावडर झटका. दुसऱ्या काडीच्या टोकाला मोहरीएवढं क्रीम घेऊन पापुद्र्यावर दहा सेकंद दाबा, मग काडी एकाच दिशेने फिरवत न्या. सुटलेलं काडीवर येतं, न सुटलेलं खाली बसतं. टिश्यू टेकवा. मग अनामिकेच्या टोकाने बेस टिपा, कडा स्पंजने विरवा. पावडर नाही. दोन मिनिटांचं काम आहे, अक्षता पडल्यानंतर जेवणाच्या पंगतीआधी एकदा करून घ्या.

वरून मारायला फवारा हवा असेल तर २० चमचे फिल्टरच्या पाण्यात १ चमचा ग्लिसरीन, त्याच दिवशी केलेलं. हात लांब करून दोनदाच मारा आणि लगेच कोरड्या स्पंजने दाबा. ही बाटली पुढच्या लग्नाला वापरू नका. त्यात टिकवणारं काही नाही, पाणी बिघडतं.

संध्याकाळी रिसेप्शन असेल तर सकाळच्या बेसवर नवा थर चढवायचा मोह टाळा. क्लिन्झिंग बामने किंवा तेलाने सगळं काढा, फडक्यापासून पुन्हा सुरू करा. पाऊण तास जातो, पण रात्रीच्या दिव्यांत फरक दिसतो.

चिकोडी_वाचक

रोज शाळेला जाताना नुसती कॉम्पॅक्ट लावणाऱ्यांसाठी काही? संक्रांतीची हळदीकुंकवं आली आणि एवढा सरंजाम रोज होत नाही.

निपाणी_फार्मसी

कॉम्पॅक्ट म्हणजे दाबलेली पावडर, ती थंडीत बाजूला ठेवा. तोंड धुतल्यावर ओल्या चेहऱ्यावर क्रीम, दहा मिनिटांनी एसपीएफ ३० किंवा त्याच्यावरचं रंगीत सनस्क्रीन दोन बोटांवर ओढलेल्या रेषांएवढं, टिपत टिपत. तेवढ्यात रंगही सारखा होतो. कॉम्पॅक्टची सवय सुटत नसेल तर ती फक्त नाकाच्या शेंड्यावर, पफने दाबून.

ओठ उलले असतील तर जीभ फिरवू नका, लाळ वाळताना ओठ आणखी कोरडे करते. रात्री जेली जाडसर लावा, सकाळी ओल्या कापडाने हलकं पुसा. मॅट लिक्विड लिपस्टिकऐवजी क्रीमची कांडी घ्या. आधी ओठांच्या कडेला लायनर, मग बोटाने टिपून रंग, म्हणजे भेगांत साठत नाही. ओठांच्या कोपऱ्यांत चिरा पडून दुखत असतील तर त्या जागी लिपस्टिक नेऊ नका. आठवड्यात भरल्या नाहीत तर दाखवून घ्या, ते थंडीचं नसून बुरशीचं किंवा जीवनसत्त्वांच्या कमतरतेचंही असू शकतं.